घरी जिंकणारा डेक स्पर्धेत का अडतो? पोकेमॉन कार्ड गेमच्या डेकची तपासणी, फुकटापासून खर्चिकापर्यंत

इंदूरला लोकमान्य नगरात रविवारी दुपारी आमच्याकडे पोकेमॉन कार्ड गेम खेळणारी मंडळी जमतात. शाळकरी मुलं असतात, कॉलेजची असतात, आणि मुलाला सोडायला येऊन स्वतःच डेक, म्हणजे आपला साठ कार्डांचा गठ्ठा, उघडून बसणारे बाबाही असतात. मुंबई-पुण्याच्या किंवा भोपाळच्या स्पर्धेहून परतलेल्यांची तक्रार ठरलेली असते: "दादा, इथे तर सगळ्यांना हरवत होतो, तिथे डेक चाललाच नाही." आणि लगेच पुढचं वाक्य: "आता डेकच बदलतो."

डेक बदलणं हा सगळ्यात महाग उपाय आहे आणि तो सगळ्यात आधी सुचतो. हा बिघाड मी आजवर बऱ्याच जणांच्या डेकमध्ये शोधून दुरुस्त केला आहे. त्यात खरोखर डेक टाकून द्यावा लागला असे फार थोडे. बहुतेकांच्या डेकची ताकद पुरेशी होती, तो दर डावात सारखा चालत नव्हता एवढंच. घरी ते जाणवत नाही, कारण डाव फसला की आपण हसतो, पत्ते गोळा करतो आणि नवा डाव मांडतो. स्पर्धेत फसलेला डाव कागदावर लिहिला जातो.

लक्षणं

नुसतं "हरलो" म्हणून काही कळत नाही. खालीलपैकी तुमचं कोणतं, ते आधी ठरवा.

– पहिल्या सात कार्डांत एकही बेसिक पोकेमॉन (ज्याच्यापासून डाव सुरू करता येतो तो) नाही, मलिगनवर मलिगन, म्हणजे कार्डं परत पिसून पुन्हा सात घेणं. किंवा एक बेसिक आहे आणि बाकी सगळी एनर्जी (हल्ला करता यावा म्हणून पोकेमॉनला लावायची कार्डं). पोरं याला "ब्रिक झालो" म्हणतात.
– सुरुवात धडाक्यात, चार-पाच प्राइझ (सुरुवातीला बाजूला ठेवलेली सहा कार्डं, समोरचा पोकेमॉन पाडला की त्यातली घ्यायची, सगळी घेतली की जिंकलात) घेऊन झाली, मग समोरच्याने तुमच्या हातातली कार्डं घालवणारा सपोर्टर (पाळीला एकच टाकता येणारं मदतीचं कार्ड) टाकला आणि उरलेला डाव तुम्ही एकेक कार्ड ओढत काढला.
– डेकमध्ये एकच असलेलं कळीचं कार्ड नेमकं प्राइझमध्ये.
– समोरचा पोकेमॉन दर वेळी दहा-वीस एचपी (जीव) राखून वाचतो.
– एका ठरावीक डेकपुढे हमखास हार, बाकीच्यांशी ठीक.
– तीन डावांच्या सामन्यात वेळ संपते आणि टाय.
– खेळायला बसायच्या आधीच दंड.

आठवणीवर जाऊ नका. हरलेला माणूस शेवटच्या डावातलं वाईट नशीब तेवढं लक्षात ठेवतो. एक शंभर पानी वही घ्या आणि दर डावानंतर पाच गोष्टी लिहा: पहिली पाळी कोणाची, मलिगन किती, पहिला हल्ला कितव्या पाळीला, डाव संपताना दोघांच्या किती प्राइझ उरल्या होत्या, आणि हातात शेवटपर्यंत न वापरता पडून राहिलेली कार्डं कोणती. पाचवा रकाना सगळ्यात बोलका. तीन रविवार एकच नाव तिथे येत असेल, तर त्या कार्डाला डेकमध्ये जागा नाही, मग ते कितीही चकचकीत असो.

पहिली तपासणी: साठ मोजा

हसू नका. डेकमध्ये बरोबर साठ कार्डं हवीत, एकोणसाठ नाही आणि एकसष्टही नाही. एका नावाची जास्तीत जास्त चार, बेसिक एनर्जीला ही मर्यादा नाही. मर्यादा नावावर आहे, चित्रावर नाही. दोन वेगळ्या संचांतले, वेगळे हल्ले असलेले पिकाचू एकाच चारांत मोजले जातात, पण "पिकाचू" आणि "पिकाचू ईएक्स" (ईएक्स म्हणजे जास्त ताकदवान प्रकार) ही दोन वेगळी नावं. एस स्पेक प्रकारचं कार्ड अख्ख्या डेकमध्ये एकच चालतं. एस स्पेक अ आणि एस स्पेक ब अशी दोन घालून आलेला मुलगा दर मोसमात एक तरी भेटतो.

मग प्रत्येक कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं इंग्रजी अक्षर बघा. स्टँडर्ड या स्पर्धांच्या नेहमीच्या प्रकारात कोणती कार्डं चालतात ते त्या अक्षरावर ठरतं आणि जुनी अक्षरं ठरावीक काळाने बाहेर जातात. २०२५ मध्ये ११ एप्रिलला "एफ" अक्षराची कार्डं अशीच बाहेर गेली. एक सवलत मात्र आहे. तेच कार्ड त्याच नावाने आणि त्याच कामाने नव्या अक्षरासह पुन्हा छापलं गेलं असेल, तर तुमच्याकडची जुनी छपाई चालते. "रेअर कँडी" किंवा "अल्ट्रा बॉल" अशी नेहमीची कार्डं पुन्हा विकत घेण्याआधी हे बघा, पैसे वाचतात.

खेळण्यांच्या दुकानांत मिळणारी सोनेरी प्लास्टिकची कार्डं स्पर्धेत चालत नाहीत. ती खरी नसतातच. आजोबांनी हौसेने आणून दिली असतील तर घरी खेळा, पण डेकमध्ये घालू नका.

ही तपासणी पहिली, कारण ती फुकट आहे आणि तिची शिक्षा मोठी. डेकलिस्ट (स्पर्धेला द्यायची कार्डांची यादी) आणि डेक जुळले नाहीत तर डाव हातचा जाऊ शकतो. लिस्ट आदल्या रात्री घाईत भरू नका. डेक टेबलावर मांडून, एकेक कार्ड उलटं ठेवत लिहा.

दुसरी तपासणी: स्लीव्ह आणि पिसणं

"एनर्जी सगळ्या एकदम येतात" ही तक्रार आली की मी डेक बघत नाही, पिसताना हात बघतो. डाव संपला की मुलं पोकेमॉनला लावलेल्या एनर्जी एकगठ्ठा उचलतात, डेकवर ठेवतात आणि दोनदा वरवर पिसून पुढचा डाव वाटतात. मग एनर्जी एकत्र येणार नाहीत तर काय होईल! पर्सी डायकोनिस आणि डेव्ह बेयर या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की ५२ पत्त्यांचा कॅट अर्धा-अर्धा करून एकात एक मिसळायचा, तर नीट मिसळायला साधारण सात वेळा तरी पिसावा लागतो. आपला डेक साठाचा, म्हणून सातच्या खाली येऊ नका. टेबलावर सात-आठ ढीग करून वाटत जाणं हे कार्डं मोजायला चांगलं, पण त्याने डेक पिसला जात नाही. कोणतं कार्ड कुठे गेलं ते त्यात आधीच ठरलेलं असतं. एनर्जी मुद्दाम दर दोन कार्डांमागे एक अशी खोचून वर थोडंसंच पिसणं तर सरळ फसवणुकीत मोडतं आणि जज ते ओळखतात.

दुसरी गोष्ट आमच्या माळव्याच्या पावसाळ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की फॉइलची कार्डं धनुष्यासारखी वाकतात, साधी वाकत नाहीत. तुमची चार मुख्य ईएक्स कार्डं तेवढी वाकलेली आणि बाकी छप्पन्न सपाट असतील, तर डेक कापताना बोट आपोआप तिथेच थांबतं. तुमच्या मनात काही नसलं तरी ती खूण केलेली कार्डं ठरतात. शक्य असेल तिथे त्याच कार्डाची साधी छपाई वापरा. नसेल तर दुहेरी स्लीव्ह (कार्डावर चढवायची प्लास्टिकची पिशवी) घाला आणि डेक घट्ट डबीत ठेवा. कार्डाचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर असतं, त्याला प्रमाण मापाची, साधारण ६६ बाय ९१ ची स्लीव्ह लागते. यू-गी-ओ या दुसऱ्या कार्ड गेमची लहान स्लीव्ह स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका, बसत नाही. स्पर्धेआधी सगळ्या स्लीव्ह एकदम नव्या घाला आणि त्याच पाकिटातल्या चार-पाच जवळ ठेवा. एखादी फाटली तर वेगळ्या छटेची घालायची वेळ येत नाही.

तिसरी तपासणी: तुमचं शरीर

हीसुद्धा फुकट, म्हणून तिसऱ्या नंबरावर. संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेस पकडायची, तीनच्या बर्थवर चौघांनी गप्पा मारत जागायचं, सकाळी मुंबई सेंट्रलला उतरून थेट हॉल गाठायचा आणि दुपारच्या फेरीत "कार्डं आली नाहीत" म्हणायचं. वहीत बघा: हार पहिल्या दोन फेऱ्यांत आहे की जेवणाच्या वेळेनंतर? जेवणानंतरची असेल तर डेकला हात लावायच्या आधी झोप, पाणी आणि डबा यांचं बघा. उशिराच्या फेऱ्यांत एनर्जी लावायला विसरणं, सपोर्टर न टाकताच पाळी संपवणं, या चुका वाढतात. त्या कोणत्याही डेकने भरून निघत नाहीत.

चौथी तपासणी: पहिली सात कार्डं

आता डेक उघडू. एकटे बसा, नीट पिसा, सात कार्डं वाटा, लिहा, परत पिसा. असं निदान तीस वेळा. कंटाळवाणं आहे, पण यातून जे कळतं ते शंभर डाव खेळून कळत नाही, कारण समोरचा माणूस नसल्याने बिघाड तुमच्याच डेकचा असतो.

काय अपेक्षा ठेवायची? साठात बेसिक पोकेमॉन आठच असतील तर पहिल्या सातांत एकही न येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. म्हणजे तीनातला एक डाव मलिगनने सुरू होणार आणि प्रत्येक मलिगनला समोरच्याला एक जादा कार्ड घ्यायची मुभा मिळणार. दहा बेसिक केले तर ही शक्यता सुमारे २६ टक्क्यांवर येते, बाराला १९, आणि सोळाला दहाच्या जरा खाली. यापुढे बेसिक वाढवले तर फायदा कमी आणि जागा जास्त जाते.

हाच हिशेब कोणत्याही कार्डाला लावा. "चार घातलेत ना, मग पहिल्या हातात येणारच" असं सगळे म्हणतात. चार कार्डांपैकी एक तरी पहिल्या सातांत येण्याची शक्यता चाळीस टक्केच आहे. पहिल्या पाळीला एखादी गोष्ट व्हायलाच हवी असेल, तर ती करून देणारी कार्डं, म्हणजे ते कार्ड आणि ते डेकमधून शोधून आणणारी बॉल नावाची कार्डं सगळी मिळून, दहा-बाराच्या घरात हवीत. घरच्या डेकमध्ये नेमकं हेच नसतं. तिथे एकेक मस्त कार्ड असतं आणि त्याला शोधून आणणारं कोणी नसतं.

इथे एका जुन्या वादाचंही बोलतो. "भिया, पहिली पाळी मिळाली की घ्यायचीच" असं आमच्याकडे अर्धे लोक म्हणतात. पहिली पाळी खेळणाऱ्याला त्या पाळीत हल्ला करता येत नाही आणि सपोर्टरही टाकता येत नाही. तुमचा डेक दुसऱ्या पायरीपर्यंत उत्क्रांत होणारा, म्हणजे बेसिकवर एकावर एक कार्डं चढवत जाणारा असेल तर पहिली पाळी चांगली, एक पाऊल आधी पडतं. पण पहिल्याच पाळीच्या सपोर्टरवर सगळी मांडणी उभी असेल तर दुसरी घ्या. वहीतला पहिला रकाना यासाठी आहे. दुसऱ्या पाळीला तुम्ही जास्त जिंकत असाल तर सवय बदला. एक पैसा लागत नाही.

पाचवी तपासणी: प्राइझमध्ये अडकलेलं कार्ड

सहा प्राइझ बाजूला जातात. साठातलं एकुलतं एक कार्ड त्यात असण्याची शक्यता दहात एक. म्हणजे ज्याच्याशिवाय डेक चालत नाही असं एकच कार्ड तुम्ही ठेवलं असेल, तर दहातला एक डाव तुम्ही खेळायच्या आधीच अडचणीत. दोन ठेवली तर दोन्ही प्राइझमध्ये जाण्याची शक्यता एक टक्क्याच्याही खाली येते. एवढा फरक एका कार्डाने पडतो.

प्रत्येक एकुलत्या कार्डासमोर स्वतःला विचारा, हे नाही आलं तर डाव चालेल का? चालत असेल तर एक पुरे. चालत नसेल तर दोन करा किंवा ते लागणारच नाही अशी मांडणी करा.

याहून स्वस्त उपाय सवयीचा आहे. डावात पहिल्यांदा डेकमध्ये शोध घ्याल तेव्हा जे हवंय ते लगेच उचलू नका. आधी डेक चाळा आणि काय नाही ते बघा, जे हातात नाही आणि डेकमध्येही नाही ते प्राइझमध्ये. सुरुवातीला याला फार वेळ लागतो आणि समोरचा वैतागतो. म्हणून घरी सराव करा: सहा कार्डं उलटी काढा, उरलेला डेक एकदा चाळा, आणि ती सहा ओळखा. महिनाभरात मुलं अर्ध्या मिनिटात ओळखू लागतात. मोठ्यांना जास्त वेळ लागतो, कारण त्यांना वाटतं त्यांना आधीच येतं.

सहावी तपासणी: घड्याळ

तीन डावांच्या सामन्याला साधारण ५० मिनिटं आणि वेळ संपल्यावर तीन पाळ्या. तिसरा डाव अर्धवट राहिला की टाय. जिंकल्याचे तीन गुण, टायचा एक, हरल्याचा शून्य. दोन टाय म्हणजे एका हारीहूनही जास्त नुकसान. फोनवर घड्याळ लावून घरी तीन डाव सलग खेळा. पहिला डाव हातचा गेल्याचं स्पष्ट दिसत असेल तर सोडून द्या आणि वेळ पुढच्या दोनांसाठी वाचवा. आपल्याकडे शेवटच्या कार्डापर्यंत झुंजणं मर्दुमकीचं मानतात आणि त्या मर्दुमकीत सामना टाय होतो.

सातवी तपासणी: आता कार्डं बदला, पण दोनच

इथून खर्च सुरू. आतापर्यंतच्या तपासण्यांत वही भरली असेल तर काय बदलायचं ते तिथेच लिहिलेलं आहे. नसेल भरली तर मागे जा.

नियम माझा कडक आहे: एका वेळी दोन, फार तर तीन कार्डं बदलायची, आणि निदान दहा-पंधरा डाव तशीच ठेवायची. एकदम बारा बदलली आणि जिंकलात, तर कोणत्या बदलाने जिंकलात? हरलात तर काय परत ठेवणार? नवं कार्ड विकत घेण्याआधी कागदाच्या चिठ्ठीवर त्याचं नाव लिहा, एखाद्या जुन्या कार्डाच्या वर स्लीव्हमध्ये सरकवा आणि घरी खेळून बघा. स्पर्धेत ही चिठ्ठी अर्थात चालत नाही. कुरिअरने महागडी कार्डं मागवून महिन्याने बाजूला टाकणाऱ्यांना मी ही चिठ्ठीची सवय लावतो. त्यांच्या घरून मला आशीर्वाद मिळतात.

काढायला आधी काय बघायचं? चौथ्या क्रमांकाचा हल्लेखोर. घरच्या डेकमध्ये तीन-चार वेगवेगळे मोठे पोकेमॉन असतात, प्रत्येकाची एनर्जी वेगळी. पाळीला हाताने एकच एनर्जी लावता येते, म्हणून दोन प्रकारच्या एनर्जीचा डेक नेहमी एक पाळी मागे राहतो. एनर्जी किती ठेवायची ते तक्त्यात बघू नका, वहीत बघा: जिंकलेल्या डावांत तुम्ही प्रत्यक्षात किती लावल्या? पाच लावत असाल आणि सोळा घातल्या असतील, तर सहा-सात जागा फुकट गेल्या.

दुसऱ्या पायरीपर्यंत जाणारे डेक असतील तर मधल्या पायरीची कार्डं कमी करून "रेअर कँडी" वाढवतात, कारण ती मधली पायरी गाळून बेसिकवरून थेट वर नेते. पण ती तुमच्या पहिल्या पाळीत वापरता येत नाही, आणि त्याच पाळीत खाली ठेवलेल्या बेसिकवरही नाही. म्हणून मधल्या पायरीचं एक-दोन तरी ठेवा. सगळे काढून टाकले आणि कँडी आली नाही, की चांगला डेक बेंचवर (लढणाऱ्या पोकेमॉनच्या मागच्या राखीव रांगेत) बसून राहतो.

चार-पाच प्राइझ घेतल्यावर कोसळणाऱ्यांसाठी: समोरच्याचं हत्यार काय आहे ते समजून घ्या. २०११ च्या "एन" या सपोर्टरने आणि २०२३ च्या "आयोनो"ने हीच युक्ती केली: दोघांचाही हात जातो आणि उरलेल्या प्राइझइतकीच कार्डं मिळतात. तुमची एक प्राइझ उरली असेल तर तुम्हाला एकच कार्ड. जिंकत आलेल्यालाच जास्त झळ बसते. अशी कार्डं फिरून फिरून येत राहतात. उपाय दोन. एक, बेंचवर असा पोकेमॉन ठेवा ज्याच्या क्षमतेने दर पाळीला कार्डं ओढता येतात. तो हातात नसतो, म्हणून तो घालवला जात नाही. दुसरा, शेवटची पाळी जवळ आली की हातातली उपयोगी कार्डं साठवून ठेवू नका, टेबलावर उतरवा. एनर्जी आधीच लावा, पुढचा हल्लेखोर आधीच तयार ठेवा.

दहा एचपीने वाचणाऱ्यांसाठी वहीत तो आकडा लिहा. एकदाच घडलं तर सोडून द्या. त्याच आकड्यावर तीनदा अडलात, तर हल्ल्याचं नुकसान वाढवणारं एक कार्ड घाला. उगाच मोठा हल्लेखोर आणू नका.

आठवी तपासणी: समोर कोण बसतंय

आता घरी जिंकण्याचं खरं कारण. रविवारी तुमच्यासमोर तीच आठ माणसं बसतात. मामेभावाचा आगीचा डेक आहे म्हणून तुम्ही पाण्याचा बनवला, त्याच्यावर कमजोरीचं दुप्पट नुकसान होतं, आणि तुम्ही इंदूरचे राजे. स्पर्धेत मामेभाऊ येत नाही.

यासाठी मोठ्या स्पर्धांचे निकाल आणि वरच्या क्रमांकांच्या डेकलिस्ट बघाव्या लागतात. "लिमिटलेस" संकेतस्थळावर त्या मिळतात. त्यातले सगळ्यात जास्त दिसणारे तीन डेक निवडा, चिठ्ठ्या घालून बनवा आणि मित्राला ते चालवायला द्या. मग डेक अदलाबदल करा. तुमच्याच डेकविरुद्ध खेळल्यावर तो कुठे दुखतो ते अर्ध्या तासात कळतं. मित्र मिळत नसेल तर "पोकेमॉन टीसीजी लाइव्ह" फोनवर फुकट आहे. त्यात अनोळखी लोकांशी खेळता येतं आणि पिसणं, प्राइझ मांडणं यंत्र करत असल्याने दुसऱ्या तपासणीतला गोंधळही वेगळा काढता येतो. फोनवर चालणारा डेक टेबलावर अडत असेल तर दोष हातांचा.

लिस्ट जशीच्या तशी उतरवताना एक लक्षात घ्या. जपानात संच आधी येतात आणि तिथल्या बऱ्याच स्पर्धा एकाच डावाच्या असतात. तिथली लिस्ट एका डावात झटका देण्यासाठी बनलेली असते, तीन डावांच्या सामन्यात समोरचा दुसऱ्या डावापासून सावध होतो.

आणि प्राइझचा हिशेब मांडा. ईएक्स पोकेमॉन गेला की समोरच्याला दोन प्राइझ, मेगा ईएक्स गेला की तीन. तुमचा डेक नुसता ईएक्सचा असेल तर समोरच्याला तीन घाव पुरतात. मध्ये एक प्राइझवाला हल्लेखोर उभा केला तर दोन, एक, दोन मिळून पाच, म्हणजे चौथा घाव लागतो. त्या जादा पाळीत तुम्ही जिंकू शकता. समोरच्याकडे बेंचवरून ईएक्स ओढून काढणारं "बॉसेस ऑर्डर्स" असेल तर तो हा हिशेब मोडतो, म्हणून बेंचवर अर्धवट तयार ईएक्स उघडे ठेवून ही चाल करू नका.

आकड्यांबद्दल एक इशारा. दहा डावांत चार जिंकलो, म्हणून "हा डेक त्यांच्यापुढे टिकत नाही" असं ठरवू नका. ज्याच्यापुढे तुमची बाजू खरोखर ५५ टक्के वरचढ आहे, त्याच्याविरुद्धही दहापैकी चार किंवा कमीच डाव जिंकण्याची वेळ सुमारे २६ टक्के वेळा येते. तीस-चाळीस डाव होईपर्यंत मत बनवू नका, तोवर फक्त लिहा.

कधी थांबायचं, कोणाला बोलवायचं

डेकच्या गाभ्याची कार्डं स्टँडर्डमधून बाहेर गेली असतील, तर दुरुस्ती थांबवा. बदली कार्डं शोधून तो डेक ओढत नेणारे लोक मी पाहतो, चांगले खेळाडू असतात, पण अख्खा मोसम तिथे जातो. तो डेक घरी खेळायला ठेवा. जे तीन डेक मैदानात सगळ्यात जास्त दिसतात त्या तिन्हींपुढे चाळीसेक डावांनंतरही तुम्ही मागेच असाल, तरीही थांबा. अशा वेळी नवा डेक निवडताना सगळ्यात ताकदवानाच्या मागे जाऊ नका. ज्याचा गाभा तुमच्याकडे आधीच आहे आणि जो वहीतल्या तुमच्या चुकांना सांभाळून घेतो, तो घ्या. घड्याळात मागे पडणाऱ्याने दर पाळीला डेक चार वेळा चाळायला लावणारा डेक घेऊ नये.

सातवी आणि आठवी तपासणी दोनदा करूनही लक्षण तेच राहिलं, तर मोठ्या स्पर्धा खेळलेल्या माणसाला दाखवा. जाताना डेक, लिस्ट आणि वही तिन्ही न्या. वहीशिवाय गेलात तर तो तुम्हाला त्याच्या आवडीचा डेक सुचवेल.

एखादं महाग कार्ड खरं की खोटं याची शंका असेल तर स्वतः पारखत बसू नका. ते कार्ड उजेडात धरून बघायच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर आहेत, पण स्पर्धेत चालेल की नाही ते जजच ठरवणार. फेरी सुरू व्हायच्या आधी दाखवा. जुनी छपाई, वाकलेलं फॉइल, परदेशी भाषेतलं कार्ड, या सगळ्यांचं उत्तर आयोजकांकडून दोन दिवस आधी मागवा, हॉलमध्ये पोचल्यावर नाही.

आणि सामन्यात काहीही बिनसलं, म्हणजे कोणी जादा कार्ड ओढलं, एनर्जी दोनदा लावली, कार्डावरच्या मजकुराच्या अर्थावर वाद झाला, तर दोघांनी मिळून मिटवू नका. कार्डं जिथे आहेत तिथेच राहू द्या, हात वर करा आणि जजला बोलवा. "जाऊ दे, मागे घे" म्हणून डाव उलटा फिरवला की नंतर जजलाही तो सरळ करता येत नाही. लहान मुलं लाजतात, समोर मोठा माणूस बसला असेल तर जास्तच, म्हणून पालकांनी हे घरी सांगून पाठवावं: जजला बोलावणं म्हणजे तक्रार करणं नाही, आणि त्यासाठी समोरच्याची परवानगी लागत नाही. निर्णय पटला नाही तर तिथेच, पुढची चाल करण्याआधी, मुख्य जजकडे दाद मागा. त्यांचा निर्णय शेवटचा असतो.